अकरा वर्षं पाठमोरी

फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे हार्ड डिस्क, आणि दुसरी बायकोच्या डोक्यातला राग. डिस्क भरली की नवीन आणतात. रागाचं तसं नसतं, तो जुन्या जागेतच कोंबावा लागतो. मग चार मैत्रिणी जमल्या, चहा झाला की एकेक किस्सा आपोआप बाहेर पडतो. आज बालीच्या सहलीपर्यंतचे सगळे सांगते. फक्त मध्येच कुणी "अगं, पण किती छान छंद आहे" म्हणालं तर तिला दुसरा चहा मिळणार नाही.

आमचे प्रकाशराव नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहेत. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन पार्ट मोजायचे, केसाएवढा फरक पडला की माल परत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा घेतला आणि ते भालेराव सरांच्या ग्रुपमध्ये गेले. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर झालेत, आणि ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा एक नियम आहे. निसर्गाच्या फोटोत एक माणूस उभा हवाच, त्याशिवाय डोंगर केवढा ते कळत नाही. त्या माणसाला ते 'स्केल' म्हणतात. स्केलनं लाल छत्री धरायची आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं. चेहरा दिसला की नजर चेहऱ्यावर जाते आणि डोंगर वाया जातो. शिवाय पाठ असली की मिस्टरी येते म्हणे.

आता पहाटे पाचला डोंगरावर छत्री धरून उभं राहायला कोण मिळणार? बायका. एक मी, आणि दुसऱ्या मंदाताई, सरांच्या मिसेस.

* * *

पहिला किस्सा इगतपुरीचा. पावसाळ्याचे दिवस, धुकं असं की पुढचा बांध दिसेना. मला भाताच्या खाचरात पोटरीभर चिखलात उभं केलं. हातात लाल छत्री, कॅमेऱ्याकडं पाठ. पाच मिनिटांनी पायावर काहीतरी चढायला लागलं. बघते तर खेकडा.

मी किंचाळले. मागून नवऱ्याचा आवाज आला, "हलू नकोस, स्लो शटर आहे!"

खेकडा चावला का, हे विचारायला ते आले, पण फोटो स्क्रीनवर मोठा करून तपासल्यानंतर. त्या फोटोला ग्रुपच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं. मग तो तीन फुटी करून हॉलमध्ये लावला. सासूबाई तेव्हा नणंदेकडं होत्या. परत आल्या, चष्मा पुसला, बराच वेळ फोटोपुढं उभ्या राहिल्या.

"कोण गं ही बाई?" त्यांनी मलाच विचारलं.

मी म्हटलं, "आई, मी आहे ती."

"हो का? पाठीमागून बरी दिसतेस," म्हणाल्या आणि आत गेल्या.

* * *

बरं, यांना चेहऱ्याचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. हिवाळ्यात ही मंडळी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी काढायला जातात. थंडीत कुडकुडत, बिस्किटं खात, तीन-तीन तास एका बगळ्याकडं टक लावून बसतात. एकदा मी शेजारी बसून बघत होते. हे पटापट फोटो डिलीट करत होते.

मी विचारलं, "अहो, चांगले तर आलेत. का काढून टाकताय?"

"अगं, पाठ आलीय त्याची. पक्ष्याचा डोळा दिसलाच पाहिजे, तोही शार्प. डोळा नाही तर फोटोत जीव नाही."

मी थर्मासचं झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसले. मी का उठून गेले, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

* * *

माझं माहेर सटाण्याचं. मागच्या वर्षी शाळेतल्या मुलींनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मुली कसल्या, सगळ्या पन्नाशीच्या. प्रत्येकीनं आपला आताचा फोटो टाकायचा असं ठरलं. मी म्हटलं, आपल्याला काय कमी? आपल्या घरात तीन कॅमेरे आहेत.

पूर्ण दुपार कंप्युटरपुढं बसले. हरिहर गडावर मी, पाठमोरी. गंगापूर धरणावर मी, पाठमोरी. द्राक्षाच्या मळ्यात मी, तीही पाठमोरी, आणि वर निम्मी छत्रीत गेलेली. लेकीच्या बारशाला माझा समोरून फोटो होता, पण तो तिच्या आजोबांनी काढलेला, आणि लेक आता पुण्यात नोकरी करते. शेवटी चिडून गडावरचाच टाकला.

एका मिनिटात आमच्या रत्नाचा मेसेज आला. रत्ना अजून गावाकडंच असते आणि अहिराणीशिवाय बोलत नाही. तिनं लिहिलं होतं, "बाई, तुनं तोंड कोठे शे?"

खाली अठरा जणींनी हसायचे चेहरे टाकले. मी फोन उलटा ठेवला. सगळ्यांना गंमत वाटली, मला मात्र त्या दिवशी खरंच रडू आलं. उद्या मला काही झालं तर भिंतीवर काय लावणार, छत्री?

* * *

म्हणून यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा मी लेकीसमोर सांगून टाकलं. मला दागिना नको, हॉटेल नको. मला माझा एक फोटो हवा. समोरून, हसताना, येवल्याची पैठणी नेसून. आणि तो नवऱ्यानंच काढलेला हवा.

"एवढंच ना?" प्रकाशराव म्हणाले. "बालीला नेतो. तिथं काढतो."

मला भरून आलं. दोन दिवसांनी कळलं की त्यांनी प्रायव्हेट सनराईज फोटोग्राफी टूर बुक केली आहे. आपली गाडी, आपला गाईड, पहाटे तीनला निघायचं, दिवसभरात बेटावरचे सगळे स्पॉट. आणि सोबत भालेराव सर आणि मंदाताई. प्रायव्हेट म्हणजे ग्रुपमधले बाकीचे बारा जण नाहीत, एवढाच अर्थ होता.

निघताना मी अट घातली, छत्री न्यायची नाही. तिथं पोचल्यावर बॅग उघडली तर माझ्या दोन साड्या घरीच राहिलेल्या आणि त्या जागी ट्रायपॉड. ट्रायपॉडला टॉवेलात गुंडाळून काय बांधलं होतं, ते सांगायला नको.

* * *

पहाटे तीनला मी पैठणी नेसले. कधी नेसलंय का कुणी पहाटे तीनला पैठणी? आमचा गाईड कोमांग गाडीसमोर हात जोडून उभा होता. तरणाबांड, हसतमुख, इंग्रजी आपल्यासारखंच मोडकं, त्यामुळं लगेच जमलं. रस्त्यानं जिथं तिथं दारापुढं पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं आणि उदबत्ती ठेवलेली. मला ते फार आवडलं. आमच्या दोघा पुरुषांना दिसलं नाही, कारण ते लेन्स पुसत होते.

पहिला स्पॉट म्हणजे ते देवळाचं दुभंगलेलं दार. इंटरनेटवर सगळ्यांनी बघितलंय, दारापुढं निळंशार तळं आणि त्यात उलटं प्रतिबिंब. आम्ही अंधारात जाऊन टोकन घेतलं. देवळात जायचं म्हणून माझ्या पैठणीवर त्यांनी भाड्याचं सरोंग गुंडाळलं, म्हणजे साडी गेली झाकून. दीड तासानं नंबर आला तर पुढं तळंच नाही. साधी फरशी. एक माणूस मोबाईलच्या खाली आरसा धरून बसलेला, तेच तळं.

प्रकाशराव एवढे भडकले की मायक्रोमीटर असता तर आरसा मोजून परत पाठवला असता. "ही फसवणूक आहे. जे नाही ते दाखवतात."

मी म्हटलं, "तुम्ही जे आहे तेच दाखवत नाही, त्याचं काय?"

मग जरा वरमले. म्हणाले, "बरं, उभी राहा दारात. समोर तोंड कर." मी उभी राहिले, पदर सरोंगवर ओढून घेतला, हसले. फोटो बघायला धावत आले. मागचं आकाश लालभडक आलेलं, दार सुरेख, आणि मी नखशिखांत काळी. एक्स्पोजर आकाशाचं ठेवलं होतं.

"सिल्हूट आलंय," भालेराव सर कौतुकानं म्हणाले. "वहिनी, यात चेहरा समोर असूनही मिस्टरी आहे."

मी त्या आरसेवाल्याकडं गेले, खुणेनं आरसा मागितला आणि टिकली नीट केली. म्हटलं, निदान आपणच आपलं तोंड बघून घ्यावं.

* * *

नंतर भाताची शेतं. टेकडी कापून पायऱ्या केलेल्या, दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. पण भात बघायला इगतपुरी सोडून विमानात बसायचं, आणि वर पुन्हा तेच. टॉवेल सुटला, छत्री निघाली. "एकच, अगं. एकच. मग तुझा." मंदाताईंचे गुडघे दुखत होते, म्हणून पुन्हा मीच गेले. बांधावर पाठ करून उभी राहिले. वीस मिनिटं झाली.

शेतातून एक म्हातारी आली, डोक्यावर टोपलं. माझ्याकडं बघितलं, लांब उभ्या पुरुषांकडं बघितलं. टोपलं खाली ठेवून माझ्या शेजारी उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून छान हसली. मागून दोघं ओरडायला लागले, "त्यांना बाजूला घ्या, त्यांना वळवा." म्हातारी हलेना. माझा हात धरला आणि कोमांगला काहीतरी विचारलं.

कोमांग लाजायला लागला. सांगेचना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, त्या विचारतायत, नवऱ्यानं तुम्हाला कशाची शिक्षा केलीय?"

* * *

शेवटचा स्पॉट समुद्राचा. काळी वाळू, रंगवलेल्या होड्या ओळीनं लावलेल्या. दुपार कलत आलेली आणि आभाळ भरून आलं होतं. प्रकाशराव गाडीतून उतरले, वर बघितलं, म्हणाले, "मऊ उजेड आहे. पोर्ट्रेटला याच्यासारखा उजेड नाही."

मला वाटलं, आलं. एकदाचं आलं. मी केस नीट केले, पदर सारखा केला. पुढच्या क्षणाला त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "त्या पांढऱ्या होडीजवळ जा. पाठ इकडं."

मी छत्री वाळूत टाकली आणि खाली बसले, पैठणीसकट. "नाही उभी राहणार. अकरा वर्षं उभी राहिले. माझा फोटो काढायला आणलंत ना मला?"

"अगं, ढग सरकतायत. पाच मिनिटं. नुसतं उभं तर राहायचं असतं, त्यात काय एवढं?"

"मग तुम्ही राहा."

ते सरांकडं बघायला लागले. सरांचा डोळा ढगांवर. "प्रकाशराव, जा हो तुम्हीच," सर कळवळून म्हणाले, "स्केलशिवाय होड्यांना अर्थ नाही. लाईट जाईल."

गेले बिचारे. नियम म्हणजे नियम. जाताना सेटिंग पक्कं करून कॅमेरा कोमांगच्या गळ्यात अडकवला, फक्त बटण दाबायला सांगितलं, आणि लाल छत्री घेऊन होडीजवळ जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. सर आपल्या ट्रायपॉडमागं वाकून ओरडायला लागले, "डावीकडं. अजून. खांदे सैल सोडा."

मंदाताई दिवसभर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या आल्या, मला दंडाला धरून उठवलं, पदरावरची वाळू झटकली आणि कोमांगच्या पुढ्यात नेऊन उभं केलं.

कोमांग म्हणाला, "मॅडम, इकडं बघा."

अकरा वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. कुठं बघायचं तेच सुचेना. डोळे भरून आले, मग मंदाताई हसल्या आणि मलाही हसू फुटलं.

लांबून आवाज आला, "झालं का गं?"

"वळू नका," मंदाताई म्हणाल्या. "मिस्टरी जाते."

* * *

तो फोटो मी नाशिकला आल्यावर तीन फुटी करून घेतला. इगतपुरीचा काढला आणि त्याच खिळ्यावर हा लावला. प्रकाशराव सोफ्यावर बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून होते. सासूबाई आल्या. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सगळं लख्ख दिसतं. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"तू छान आलीयस गं," म्हणाल्या. "चेहरा अगदी तुझ्या आईचा." मग बोट लावून विचारलं, "आणि हा मागं कोण, एवढासा, छत्री घेऊन?"

मी म्हटलं, "स्केल."