गोटीरामची वाढत गेलेली साक्ष

आमचे कारभारी गोटीराम म्हणजे सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरचा सगळ्यात देवभिरू माणूस, असं लोक म्हणतात. मी नवसाबाई, त्यांची बायको. खरं काय ते मला विचारा.

माणूस चांगला हाय, त्यात वाद नाय. नऊ वर्षं झाली, दारूला शिवले नायत. द्राक्षाच्या छाटणीला गेले तरी पहाटे उठून प्रार्थना करतात. पण रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगायला उभे राहिले, की मी डोक्यावरचा पदर पुढं ओढते.

पहिल्या वर्षी साक्ष दोन मिनिटांची होती. 'लय पीत होतो, प्रभूनं सोडवलं', एवढं बोलून बसले. तिसऱ्या वर्षी त्यात बाटली आली. पाचव्या वर्षी ती दगडावर फुटली. मग वीज कडाडली आणि एका रात्रीत, एकाच प्रार्थनेत दारू सुटली म्हणे. पेठहून, दिंडोरीहून बोलावणी यायला लागली.

मी म्हटलं, "बाटली कुठली? तुमी तर मोहाची तांब्यानं प्यायचा."

"अगं, त्यानं देवाचा महिमा वाढतो."

"कुणाचा वाढतोय ते दिसतंय मला."

दोन दिवस अबोला धरला त्यांनी. मला तेवढीच शांतता.

आमच्या शेजारचा मंगळू. चार महिन्यांखाली त्यानं दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला. मग एका हळदीला गेला आणि पिऊन आला. तेव्हापासून दोन रविवार मंडळीत फिरकला नाय. म्हणून आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. चुलीपुढं बसलेला, मान वर करीना.

"दादा, तुमची एका रात्रीत सुटली," तो म्हणाला. "माझी नाय सुटली. म्हणजे माझा विश्वासच खोटा. उगाच देवाला कशाला फसवू? आता येत नाय मी."

चांगला माणूस आमच्या घरच्या बढाईपायी देवाला सोडून निघाला होता. कारभाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मंगळू, वीज नव्हती," ते म्हणाले. "बाटलीपण नव्हती. सुटायच्या आधी मी चारदा परत प्यालो. एकदा तर बाप्तिस्म्यानंतर, ऐन नाताळात."

"पाचदा," मी म्हटलं.

"पाचदा," ते म्हणाले. "आणि अजून बाजाराला एकटा जात नाय. गुत्त्यावरून जाताना ही माझा हात धरते. लोकांना वाटतं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय."

मंगळू हसला, मग रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला या माणसाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

रविवारी त्यांनी हेच सगळ्या मंडळीपुढं सांगितलं. मंगळू मागं भिंतीला टेकून ऐकत होता. कुणी हालेलुया म्हटलं नाय.

प्रार्थना संपली. मी चपला शोधत होते, तर मंगळू आला. त्याच्या मागं आणखी दोघं. त्यातला एक आमचा ढोलकीवाला, ज्याची साक्ष यांच्यापेक्षाही लांब असायची. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "वहिनी, बाजाराला जाताना आम्हालाही हाक मारा."