उंच जीपची डावी सीट

हेमराज तेलरांधे यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द गावात कुणी ऐकलेला नव्हता. विहिरीला पाणी लागलं नाही तेव्हा ते म्हणाले होते, "कोरडी विहीर उन्हाळ्यात थंड राह्यते." कुंदनच्या, म्हणजे त्यांच्या लेकाच्या लग्नपत्रिकेवर तारीख चुकीची छापून आली, तर म्हणाले, "लोकं एक दिवस आधी आले तं काय बिघडते? गप्पा होतात." माणूस मनाचा मोठा, हाकेला धावून जाणारा, पण माघार घ्यायची म्हटली की मान ताठ. अशा माणसाने आपली जुनी जीप चार इंच उचलली, म्हणजे आता ती खाली येणार नव्हती हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

उचलली ती उगाच नव्हे. केळझरजवळच्या त्यांच्या शेताकडे जाणारी पांदण काळ्या मातीची. पावसाळ्यात चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि मधला उंचवटा जीपच्या पोटाला लागतो. मागच्या पावसाळ्यात जीप त्या उंचवट्यावर बसली ती बसलीच. ओढायला बैलजोडी आली तीही नेमकी त्यांच्या साळ्याची, हरिदासची. हरिदास नुसता हसला. ते हसू हेमराजभाऊंना सहा महिने झोंबत राहिलं.

मग आर्वीच्या बाजारात सोयाबीन विकायला गेले असताना त्यांना कुणा शहरी माणसाची उंच जीप दिसली. आठ दिवसांत आपल्याही जीपला स्प्रिंगचे जादा पाटे, पाट्यांच्या टोकाला लांब शॅकल म्हणजे लोखंडी कड्या आणि ट्रॅक्टरला लाजवतील अशी चाकं लागली. सेलूचे मेकॅनिक लक्ष्मणराव म्हणालेही होते, "भाऊ, गाडी उचलली का मंग स्टेअरिंगचंही पाहा लागते."

"तुम्ही उचला त आधी," हेमराजभाऊ म्हणाले, "बाकीचं मी पाहून घेतो."

पांदणीतून जीप अशी निघाली की हरिदासचे बैलही बघत राहिले. पण डांबरी रस्ता लागला की तिचं डोकं फिरायचं. सरळ जायचं तर स्टेअरिंग तिरपं धरावं लागे. वळण संपलं तरी चाकं आपणहून सरळ होत नसत. खड्डा आला की गाडी मनाला येईल त्या बाजूला उडी घेई. वेग पन्नासच्या वर गेला की पुढची चाकं थरथरू लागत आणि त्यांच्यासोबत हेमराजभाऊंचे कोपर, गाल आणि चष्मा. बस स्टॉपवरचा चहावाला श्रावण रोज विचारी, "भाऊ, सरळ चालले का वळून राह्यले?"

"स्टेअरिंग जिवंत झालं आता," हेमराजभाऊ सांगत. "तुले नाई समजाचं."

हे सगळं त्यांनी पचवलं असतं. पचलं नाही ते एकच. लग्न झाल्यापासून दर संकष्टीला ते आणि ज्योत्स्नाबाई केळझरच्या गणपतीला जात, आणि जीप घेतल्यापासून तिची डावी सीट बाईंची. उचललेल्या जीपमधून ते पहिल्यांदा निघाले तेव्हा पुलाच्या सांध्यावर चाकं अशी थरथरली की पूजेच्या ताटातला नारळ उडून बाईंच्या मांडीवर पडला आणि जीप समोरच्या ट्रकला भेटायला निघाली. ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला. बाई पुढच्या स्टॉपवर उतरल्या आणि एसटीने गेल्या. केळझरला त्याच आधी पोचल्या, हे श्रावणने गावभर केलं.

पुढच्या दोन्ही संकष्ट्यांना बाई एसटीनेच गेल्या. डाव्या सीटवर आता गुरांच्या ढेपेचं पोतं बसे. हेमराजभाऊंना वाटलं, बाईंचे गुडघे दुखतात, चढता येत नसेल. त्यांनी गुपचूप लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली.

बाईंनी पायरी पाहिली. "चढाचं नाई भेव मले," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी कुठं उतरवंल, त्याचं हाय."

'तुमची गाडी.' इतकी वर्षं ती 'आपली' होती. हेमराजभाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मे महिन्यात वखरणी चालू होती. घरचा वखर लहानपणापासून धरलेल्या ज्योत्स्नाबाई बांधावर पाणी प्यायला बसल्या होत्या आणि समोर जीप उभी होती. त्यांनी वाकून तिच्या पोटाखाली बघितलं, बराच वेळ.

"अवो, हा स्टेअरिंगचा रॉड पाहा कसा घसरगुंडीवानी उभा झाला. आन् चाकाचा हा दांडा पुढं कलला. वखराची दांडी वर उचलली आन् खालची लोखंडी फास तशीच ठेवली, तं वखर सरळ चालते का? आपण पाचर ठोकतो ना?"

"वखर नाई ते. जीप हाय," हेमराजभाऊ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी सेलूला गेले.

लक्ष्मणराव गाडीखाली गेले, बाहेर आले. "एक्सल कलला. पाटा आन् एक्सलच्या मंधात लोखंडी पाचरा टाकू. रॉड आडवा कराले त्याचा आर्म खाली आणू."

"तेच म्हणतो मी. पाचर," हेमराजभाऊ म्हणाले.

लक्ष्मणराव थक्क झाले. "तुमच्या कसं ध्यानात आलं भाऊ?"

"आलं," हेमराजभाऊ म्हणाले आणि तिथेच फसले. कारण ही अक्कल लक्ष्मणरावांनी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली, आणि चार दिवसांत श्रावणने ती खुद्द ज्योत्स्नाबाईंना ऐकवली. "वैनी, भाऊनं काय डोकं लढवलं पाचरीचं!"

बाई म्हणाल्या, "हो का."

संकष्टी आली. जीप आता सुतासारखी सरळ चालत होती. स्टेअरिंगवरचा हात काढला तरी रस्ता सोडत नव्हती. हेमराजभाऊंनी ढेपेचं पोतं उतरवलं, सीट पुसली. बाई पिशवी घेऊन निघाल्या त्या थेट बस स्टॉपकडे. हेमराजभाऊ बाजूने हळूहळू जीप चालवत निघाले.

"आता काऊन? चालून राह्यली ना सरळ!"

"पाचर कोनाची व्हय?" बाईंनी चालता चालता विचारलं.

स्टॉप आला. श्रावणच्या टपरीवर सात-आठ माणसं, त्यांत हरिदास. लांबून एसटी येताना दिसत होती. आता ही बसमध्ये चढली तर प्रत्येक संकष्टीला चढेल, हे त्यांना लख्ख कळलं. ते जीपमधून खाली उतरले.

"श्रावण, आयकून घे बे. पाचर माही नोहे. हिची व्हय. म्या लक्ष्मणरावले खोटं सांगतलं."

टपरीवर कुणी कप खाली ठेवेना.

"आन् स्टेअरिंग जिवंतगिवंत काही नव्हतं झालं. हिले घेऊन ट्रकखाली गेलो असतो त्या दिवशी. रोज डोळ्यासमोर येते." त्यांनी चष्मा काढला. "चुकलं माहं."

हरिदास या वेळी हसला नाही. एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरने ओळखीने दार उघडलं. "चला वैनी, केळझर ना?"

ज्योत्स्नाबाईंनी पदर खोचला आणि जीपच्या लोखंडी पायरीवर पाय ठेवला.

"जा तुम्ही भाऊ," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "आमची गाडी हाय."