केदारखेडा-१ ला हात लावू नको

आमच्या सर्व्हर रूममध्ये चप्पल घालून यायला बंदी आहे, तरी मे महिन्यात अर्धी कंपनी चपला दाराशी काढून आत येते. एसी तिथेच आहे ना! आलेला माणूस दहा मिनिटं बसतो, कपाळ पुसतो आणि जाताना एखादी तक्रार टाकून जातो. त्या तक्रारींचेच पुढे किस्से होतात. जालना एमआयडीसीतल्या या बियाणं कंपनीत नऊ वर्षं झाली मला, आता सांगायला बसलं की आवरत नाही.

*

पहिल्याच दिवशी वाघमारे सरांनी कामाची गोम सांगितली. सर आमच्या आयटीचे प्रमुख, मूळ केदारखेड्याचे. आमच्याकडे खरे सर्व्हर दोनच. त्यांच्या पोटात चाळीसेक आभासी मशिनं चालतात, प्रत्येक खात्याचं वेगळं. दोन्ही सर्व्हरची मिळून मेमरी पाचशे बारा जीबी, आणि आम्ही वाटलेली आठशे.

मी घाबरून विचारलं, "सर, नसलेली मेमरी दिली कशी?"

"कँटीनमधी ताटं किती? चाळीस. माणसं दीडशे. कोणी उपाशी राह्यलं का?"

"न्हाई."

"कारण समदे एकदम जेवत न्हाईत. ज्या दिवशी एकदम बसतील, त्या दिवशी तू अन् मी हाओत."

तो दिवस येऊ नये, एवढीच माझी नोकरी.

*

आमच्याकडे स्टोअरमधून काहीही मागायचं तर दुप्पट मागायची रीत आहे. दहा पोती मागा, पाच मिळतात. मेमरीलाही लोकांनी तोच हिशोब लावला. प्लांट मॅनेजर काळे साहेबांना डिस्पॅचसाठी सोळा जीबी पुरत होती, त्यांनी बत्तीसचा अर्ज दिला. सरांनी सही केली, अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये गेला आणि मी विसरलो.

आठवड्याने साहेब स्वतः आले. म्हणाले, "संतोष, काय फरक पडला रे! मशिन नुसतं पळून राह्यलं."

मी पाणी प्यालो. अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे.

*

एकदा शेजारच्या रोलिंग मिलमध्ये काहीतरी उडालं आणि आमचीही लाइट गेली. लाइट आली आणि चाळीस मशिनं एकदम उठली. उठताना प्रत्येकाला भरपूर मेमरी लागते. दोन तास कोणीच धड उठलं नाही.

तेव्हापासून मशिनं पाच-पाच मिनिटांनी, क्रमाने चालू करायची असं ठरलं. मग पहिलं कोण यावर मीटिंग झाली. प्रत्येक खातं पहिलं! शेवटी उगवण लॅबच्या शिंदे मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गाड्या थांबतील. माझं बी थांबत न्हाई, ते उगवून राह्यलं." त्यांना पहिला नंबर मिळाला. सरांनी स्वतःचं मशिन शेवटी टाकलं.

*

मग माझ्या अंगात शहाणपणा आला. मशिनींच्या यादीत दिवसभर काहीच न करणारं एक दिसलं, मी विचारपूस न करता बंद केलं. ते वजनकाट्याचं होतं. ट्रॅक्टर आला तरच ते काम करायचं. त्या दिवशी वीस ट्रॅक्टर रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांचे मालक सर्व्हर रूमच्या दाराशी. चपला घालून.

सर ओरडले नाहीत, ते ओरडतच नसत. म्हणाले, "गप बसलं म्हणून त्याला काम न्हाई, असं कोणी सांगितलं तुला?"

त्याच यादीत आणखी एक गप मशिन होतं, केदारखेडा-१. चौसष्ट जीबी कायमची राखून ठेवलेली, त्यातली एक जीबीही दुसऱ्या कुणाला मिळत नसे. केदारखेड्याला आमचं बीजोत्पादन केंद्र आहे, त्यामुळे ते तिकडचंच असणार. एकदा सरांना विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. त्याला हात लावू नको." वजनकाट्यानंतर मी कशाला लावतो?

*

हंगामाआधीच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या मालकांनी विचारलं, "नवी मेमरी घ्यायची का?" सर काही बोलायच्या आत मीच छाती काढून म्हणालो, "गरज न्हाई, भागतंय." सरांनी डायरी मिटली. पुढच्या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि माझ्यावर सोपवून जाण्याजोगा मी झालोय हे मला दाखवायचं होतं. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

*

आणि मग तो सोमवार. पेरणी तोंडावर, गेटवर अकरा गाड्या. सर पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते, फोन बंद. साडेदहाला सगळी खाती एकदम जेवायला बसली. मेमरी नव्याण्णव टक्के. डिस्पॅचचं पोत्यांवरचे टॅग छापणं थांबलं. शिंदे मॅडमचा स्क्रीन गोठला.

मी म्हणालो, "मॅडम, तुमचं बंद करून चालू करतो."

"बिलकुल न्हाई." त्या माझ्या आणि कीबोर्डच्या मध्ये आल्या. "उगवण चाचणीचा आज आठवा दिवस. सकाळपासून मोजलेलं समदं आत अडकलंय, सेव्ह झालं न्हाई. अन् मोजलेले कोंब मी टाकून दिले."

म्हणजे ते आकडे जगात एकाच जागी होते, त्या गोठलेल्या मशिनमध्ये. ते गेले तर पुन्हा आठ दिवस, आणि तोवर पेरणी होऊन जाणार. काळे साहेब मागे येऊन उभे. "टॅगशिवाय गाडी हलत न्हाई, संतोष. तूच म्हणलास ना, भागतंय?"

मी एकेका खात्याला फोन केला. कोणीच आपलं मशिन सोडेना. तासभर मी यादी खालीवर करत राहिलो. प्रत्येक वेळी नजर केदारखेडा-१ वर थांबायची. शेतकऱ्यांची नोंद असेल, प्लॉट असतील, आणि सरांनी नको म्हटलेलं. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि ते बंद केलं.

पाच मिनिटांनी मॅडमचा स्क्रीन हलला. त्या एकेक आकडा बोटाने तपासत गेल्या, सेव्ह केलं आणि खुर्चीत मागे टेकून डोळे पुसले. दुपारपर्यंत गाड्या गेल्या.

मी मात्र जेवलो नाही. धीर करून केदारखेड्याच्या केंद्रावर फोन लावला, तुमचं मशिन बंद पडलं का म्हणून.

"कोणतं मशिन सायेब? आमच्याकडं वही हाय."

*

दुसऱ्या दिवशी सर आले. चष्मा लावून यादी पाहिली. मी उभाच.

"बंद करायच्या आधी किती वेळ थांबला?"

"तासभर, सर."

"उघडून पाह्यलं का त्यात काय हाय?"

"न्हाई, सर."

"काहीच न्हाई त्यात. समदे एकदम बसतील त्या दिवसाचं राखीव ताट हाय ते," सर म्हणाले आणि मला लग्नातला बुंदीचा लाडू दिला.

महिनाअखेरीला हार झाला, नारळ झाला, सर किल्ल्या ठेवून गेले. सोमवारी मी एकट्याने यादी उघडली. केदारखेडा-१ नव्हतं. त्याच्या जागी एक नवं मशिन होतं, चौसष्ट जीबी राखलेलं, आत काहीही नसलेलं. नाव, बदनापूर-१.

बदनापूरला आमच्या कंपनीचं काहीच नाही. तिथून रोज मी येतो, बाइकवर.