कोठीच्या खोलीतला अल्बम

अल्बममध्ये ट्यून नऊच आहेत. सगळ्या मिळून अडतीस मिनिटं. पण तो करताना जे काय घडलं ते सांगायला बसले तर सकाळचा चहा थेट दुपारच्या जेवणाला जाऊन भिडतो! आमच्याकडे कोणी आलं की आधी किस्सेच सुरू होतात, आणि पाहुणे चपला घालायला लागले की लक्षात येतं, अरे, गिटार ऐकवायची राहूनच गेली.

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट. कॉलेज दुपारचं, म्हणून रेकॉर्डिंग सकाळी आठ ते अकरा. स्टुडिओ म्हणजे आमची कोठीची खोली. तांदळाचे डबे बाहेर काढले, भिंतींवर गोधड्या टांगल्या, एक माइक, एक लॅपटॉप आणि मी. पंखा बंद, कारण त्याची घरघर येते. बाहेर मे महिना!

पहिली लढाई झाली पारूमावशीशी. ही आमच्या आळीत मासे घेऊन येते. आवाज असा, की गोधड्या काय, चिऱ्याची भिंतसुद्धा पार करतो. मी अगदी हात जोडून म्हटलं, "मावशी, आमच्या दारात जरा ओरडू नका ना."

"ओरडले नाय तर पाटी खाली कशी व्हायची गो? तू तुझा वाजवतस, मी तुला कधी बंद कर म्हटलां?"

पण बाई मनाची मोठी. दुसऱ्या दिवशी आली ती पाटी उतरवून पडवीत मुकाट बसली. कोठीचं दार उकाड्यानं किंचित उघडं ठेवलं होतं, तिथून मला दिसत होती. मी वाजवत गेले. चार मिनिटं, एकही चूक नाही! शेवटचा सूर तारेवर घुमत होता, तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं असतं. 'अजून जरा' असं सांगायला मी हात वर केला.

"बांगडेऽऽऽ! ताजे बांगडेऽऽऽ!"

मी बाहेर धावले तर उलट माझ्यावरच डाफरली, "तूच हात वर केलास ना? मला वाटलां, आता सोड म्हणतेस!"

त्याच सुमारास चिपळूणहून आईच्या नात्यातल्या एक काकू आल्या. माझं वय छत्तीस, लग्न नाही, त्यामुळे काकूंना माझ्याबद्दल चहाच्या दोन घोटांतच कळवळा येतो. "हिचं सध्या काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "अल्बम करतेय."

काकूंचा चेहरा असा खुलला! "अगोबाई! लग्नाचा? म्हणजे ठरलं पण?"

आई काही बोलणार तेवढ्यात खुर्चीतून अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "ठरलंय हो केव्हाच! पण हिला एक पसंत पडेल तर शपथ. रोज एक पुसते नि रोज नवा घेते!"

काकू त्या दिवशी जेवायला थांबल्या नाहीत.

अण्णांना अर्धंच ऐकू आलं होतं. ते बोलत होते माझ्या टेकबद्दल, म्हणजे एकेका ट्यूनच्या रेकॉर्डिंगबद्दल. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केलं, त्या आवाजानं कान गेले. ही गिटारही त्यांनीच कुठल्याशा बंदरावरून आणलेली, मी नववीत असताना. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "काही ऐकवायचं असेल तर लवकर ऐकवून घ्या."

जिना उतरताना अण्णांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी ओरडून सांगितलं, "मशिन लावायला सांगितलंय!" ते हसले. "लावू की. पण घरात काढून ठेवीन हां. तुझी आई हल्ली नुसती दिसते, फार बरं वाटतं!"

मी हसले, पण त्या जिन्यापासून मला स्वस्थ बसवेना. दोन वर्षं 'करू, करू' म्हणत ठेवलेला अल्बम मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरू केला. सकाळी कोठीच्या किंचित उघड्या दारातून अण्णा माझी बोटं बघत बसायचे, जेवताना पाटावर तीच बोटं चालायची. लॅबमध्ये मुलांची लोलकाची रीडिंग तपासताना लोलकाबरोबर ठेका मोजायचे. एक टेक झाला की वाटायचं, यापेक्षा बरं होईल, आणि लगेच वाटायचं, तोवर वेळ राहील का?

आई या सगळ्यात आपल्या परीनं मदत करायची. कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो म्हणून ती पातेल्यात भात करायला लागली. पायात पैंजण नाही, हातात बांगड्या नाहीत, फोडणीसुद्धा अकरानंतर. एका सकाळी मंद, सावकाश अशी ट्यून अप्रतिम जमली. हेडफोन लावून ऐकत होते. मधोमध, अगदी हळुवार, कुजबुजता आवाज आला, "आमटीत चिंच घालू की आमसूल?"

मी किंचाळत स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, "अगं, म्हणूनच तर हळू विचारलं! तू काही बोललीच नाहीस. मग मी दोन्ही घातलं."

पण आईची खरी मदत पुढेच होती. समुद्रावरच्या दमट हवेनं गिटारचा आवाज बसल्यासारखा यायला लागला. मी दोन दिवस चिडचिड करत होते, "लाकूड दमट झालंय, काहीतरी करायला हवं." तिसऱ्या दिवशी बाजारातून घरी आले. अंगणात चटई, चटईवर आमसुलं वाळत घातलेली, आणि आमसुलांच्या मधोमध, पोट उन्हाकडे करून, माझी गिटार!

"दमट झाली म्हणत होतीस ना?" आई म्हणाली. "दोनदा उलटीपालटी पण केली."

लाकडाला केसाएवढी चीर गेली होती. मी पायरीवर बसून रडले. आईही रडली. अण्णांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण तेही येऊन शेजारी बसले. मग चीर चिकटवून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं रेकॉर्ड केलं. आवाज जरा कोरडा झाला होता. खोटं कशाला बोलू, बरा झाला होता!

पुढचं काम सुधीरचं. हा माझा वर्गमित्र, लांज्याला त्याचं साउंड सिस्टिमचं दुकान आहे, नमनाच्या खेळापासून लग्नापर्यंत सगळीकडे त्याचे स्पीकर. मिक्सिंग त्याच्याकडे दिलं आणि मी त्याला छळायला सुरुवात केली. तिसऱ्या ट्यूनमध्ये बास कमी कर. नको, होता तसा ठेव. चौथी पुसून टाक, नवी पाठवते. शेवटी एका रविवारी एसटी पकडून लांजा गाठलं आणि दुकानासमोरून फोन लावला.

"अगं, मी आज बाहेरगावी आहे," सुधीर म्हणाला. "दुकान बंद आहे."

"सुधीर, मी तुझ्या उघड्या दुकानासमोर उभी आहे."

काउंटरच्या मागून हळूहळू एक डोकं वर आलं. कानाला फोन तसाच. फोनवरच म्हणाला, "ये, आत ये. चहा घेणार?"

आणि मग तो दिवस आला. अल्बम पूर्ण झाला. सुधीर सकाळीच त्याचे मोठे हेडफोन घेऊन आला. अण्णांनी कानातली मशिनं काढून आईकडे दिली, पडवीतल्या खुर्चीत ताठ बसले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं. सुधीरनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, फोनवर अल्बम लावला. आम्ही तिघं समोर उभे.

अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट हलायला लागलं. मधेच थांबायचं, परत सुरू व्हायचं. एकदा ते हसले. एकदा त्यांनी गळ्यापाशी हात नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. अडतीस मिनिटं आमच्यापैकी कोणी हललं नाही.

बोट थांबलं. अण्णांनी डोळे उघडले, हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"सहाव्यात मधे थबकलीस," ते म्हणाले. "का गं?"

मी थबकले होते. सहाव्या ट्यूनमध्ये, दोन मात्रा. ते पुसायचं नाही असं ठरवलं होतं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात सुधीरनं माझं कोपर दाबलं. त्याचा चेहरा पांढराफटक. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. अण्णांच्या कानावर एकदम आवाज आदळू नये म्हणून त्यानं सुरुवातीला आवाज शून्यावर आणला होता, हळूहळू वाढवू म्हणून. आणि मग अण्णांच्या चेहऱ्याकडे बघता बघता वाढवायचाच विसरला होता. अजूनही तो शून्यावरच होता.

मी अण्णांच्या कानाशी वाकले. "परत लावू?"

"लाव की," अण्णा हेडफोन चढवत म्हणाले. "आवाज मात्र एवढाच ठेव."