प्रॉम्प्टरचा खड्डा

"म्याडम, तू खड्ड्यात बस. वर कायले पाहिजे तुले?"

गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर बोलले. गाव त्यांना मालक म्हणतं. त्यांच्या आजोबांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कधीच गेली, पण संबोधन राहिलं. मंडपात खुर्च्या मांडणारे हसले. मला पटकन बोलता येत नाही.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी आमच्या गावात संगीत नाटक होतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला कमरेएवढा खड्डा खणतात. त्यात प्रॉम्प्टर बसतो. डोक्यावर खोकं, समोर एक बल्ब. प्रेक्षकांना तो दिसत नाही. नट मात्र त्याच्याच आवाजावर चालतात. तो एक ओळ वाचतो, वरचा ती म्हणतो.

नाटक माझं होतं. गाणी माझी, चाली माझ्या. तलाव खोदणाऱ्या बायांची गोष्ट. शाळेच्या व्हरांड्यात दिवाळीआधीपासून गावातल्या पोरांकडून ते मीच बसवून घेत होते. मी गोंदियाच्या इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी. लिहायची मराठी मला बाबांच्या पेटीवरच्या नाट्यपदांमुळे आली. बाबा वर्षानुवर्षं या मंडळात पेटी वाजवतात. माइकवर त्यांचं नाव कधी येत नाही. "पेटीवाला" येतं.

मंडईच्या सकाळी पोस्टर लागलं. लेखक-दिग्दर्शक म्हणून मालकांच्या पुतण्याचं नाव. तो नागपूरला राहतो. तालमीला एकदाही आला नव्हता. मी विचारायला गेले, तर मालक शांतपणे म्हणाले, "मंडळाचं नाटक बाईनं बसवलं, तेबी तिकडल्या टोलीतल्या, हे लोकायले कसं सांगावं? तूच सांग."

तिकडली टोली म्हणजे आमची वस्ती. बौद्धांची. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला. गावानं आमच्याकडे बोट दाखवायची पद्धत बदलली नाही.

मग खड्डा. "इंग्रजी शिकली हाय, वाचन सुद्ध हाय," असं मालकांनी कौतुकही केलं.

मी उतरले. बाबा पेटीशी बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. वर पुतण्याला शाल दिली, नारळ दिला. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. टाळ्या पडल्या. तो समोरच्या सोफ्यावर जाऊन बसला.

पहिला प्रवेश सूत्रधाराचा. वडशाच्या नाटक कंपनीतून बोलावलेल्या बाई ते काम करत होत्या. त्या दुपारीच आल्या होत्या, एक ओळ पाठ नव्हती. त्या खड्ड्याकडे कान लावून उभ्या राहिल्या. मी वाचत गेले, त्या म्हणत गेल्या. "रसिकहो," मी. "रसिकहो," त्या. "आजचं नाटक रचलं आणि बसवलं आहे," मी. तेच त्या म्हणाल्या, गोड आवाजात, हात जोडून.

कागदावर पुढे पुतण्याचं नाव होतं. मालकांनी लिहवून घेतलेलं.

मी माझं नाव वाचलं.

बाई थांबल्या. खाली पाहिलं. मी पुन्हा वाचलं, मोठ्यानं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असणार. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

आणि पेटी वाजली.

बाबांनी नांदी सुरू केली होती. जोरात, भाता पूर्ण ओढून. माझा आवाज त्यात बुडाला. कडवं संपलं तशा बाई सरळ झाल्या आणि पुतण्याचं नाव घेतलं. स्पष्ट, एकाही अक्षराला न अडखळता. एकही वाक्य पाठ नसलेल्या बाईंना तेवढं पाठ होतं.

मी उठून जाऊ शकले असते. मग बाईंची गावासमोर फजिती झाली असती, बाबांची पेटी बंद झाली असती. मी पुढची ओळ वाचली. मग त्याच्या पुढची. सगळं नाटक वाचलं. खोदणाऱ्या बायांच्या गाण्याला वन्स मोअर मिळाला. सोफ्यावरून पुतण्या उठला आणि लोकांना नमस्कार केला.

तोंडाचा रंग पुसत बाई खड्ड्याच्या काठाशी आल्या. "पोरी, राग नोको धरू. मले पुढच्या सालीबी या गावात येवाचं आहे."

घरी जाताना मी बाबांना विचारलं, "तुमाले आयकू आलं होतं ना?"

"आलं होतं."

"मंग पेटी काऊन वाजवली?"

"लोकं शिट्ट्या मारून राहिले होते. तुले खड्ड्यातून ओढून काढलं असतं, त मी काय करणार होतो?"

बाबा खोटं बोलले नव्हते.

मी नवं नाटक लिहून राहिले आहे. ते विहारासमोरच्या मैदानात होईल. मंडळ मला परत बोलावणार नाही, टोलीतलेही काही जण नको म्हणतात. कशाला कुरापत काढतेस, म्हणतात. पण या नाटकाला प्रॉम्प्टर नाही. खड्डा खणला जाणार नाही. ज्याला पाठ नाही त्याला काम नाही. सूत्रधार मी आहे आणि माझं पहिलं वाक्य माझं नाव आहे.

पेटीवर बाबाच असतील. ते घाबरले तर वाजवतील. वाजवू देत. नांदी संपेपर्यंत मी उभी राहीन आणि पुन्हा म्हणेन.