गळक्या इंजिनाखालचा नागू

पेट्रोल रेशनवर मिळायचं तेव्हाची गोष्ट. पाताळगंगेच्या काठी कोंडाजीशेठनं होडीचं जुनं इंजिन पाण्याच्या पंपाला जोडलं होतं. त्याच्या कार्बुरेटरमधून पेट्रोल गळायचं. थेंब वाया जाऊ नये म्हणून त्या कंजुषानं गडी नागूला खाली वाटी धरून बसवलं. दोन वर्षांत नागूच्या हातांची कातडी सोलून निघाली.

शेवटी नागूनंच कार्बुरेटर उघडला. पेट्रोल भरलं की तरंगून त्याची वाट बंद करणारा आतला पोकळ पितळी फ्लोट तरंगायचं सोडून बुडत होता. त्यानं तो गरम पाण्यात धरला. बुडबुडे आले, भोक सापडलं. कल्हईवाल्याकडून ते बुजवून आणलं. गळती थांबली.

"शाबास रं नागू!" शेठ म्हणाला. "आता वाटी धरायला मानूस कशाला? उद्यापासून येऊ नको. वाटी तेवढी ठेवून जा."

वाटी नागूच्या घरची होती.