नार्कोटिक म्हणजे बधिर करणारं

मागच्या महिन्यात सुदामचा फोन आला. शेंद्र्याला कंपनीत काम करणारा माझा जुना मित्र. "आईला तूच समजाव बाबा, माझं ऐकंना ती." त्याच दुपारी फुलंब्रीला त्याच्या घरी पोचलो.

मावशींना, म्हणजे सुदामच्या आईला, कॅन्सर... हाडांपर्यंत गेलेला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिलेल्या, पण त्या घेत नव्हत्या. भिंतीकडं तोंड करून, ओठ आवळून पडलेल्या. पांघरूण सरकलं तरी कण्हायच्या.

पाकिटावर 'नार्कोटिक' असं छापलेलं. शेजारच्या कुणा शहाण्यानं त्यांना सांगून टाकलं, ही नशेची गोळी आहे!

मावशींचा धाकटा मुलगा संतोष दारूनं गेला, ऐन तिशीत. "ज्या नशेनं माझं लेकरू खाल्लं, तीच मी गिळू व्हय? मेले तरी चालंल."

मला संताप आला. मावशींचा नाही... आपल्या अर्धवट शहाणपणाचा. बातम्यांतून एक शब्द उचलायचा, त्याला गुन्हेगार ठरवायचं, आणि त्याची शिक्षा कुणी भोगायची? अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीनं!

खाटेजवळ बसलो. म्हटलं, मावशी, हा शब्द ग्रीक लोकांचा. 'नार्के' म्हणजे बधिरपणा. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, तसा. बधिर करणारं ते नार्कोटिक. नशेचा अर्थ मागून चिकटला. डॉक्टरांनी ही गोळी मोजूनमापून दिलीय, तुमचं दुखणं थांबावं म्हणून.

सुदाम आईवर वैतागला, "पानी आणू का आजून एक भाषण ऐकायचंय?"

मावशी छताकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग माझ्या संतूलाबी कुठंतरी दुखतच आसंल की रं... आपुन समदे त्याला नुसतं बेवडा म्हनत ऱ्हायलो."

दारूबंदीच्या कितीतरी सभा मी गाजवल्यात. त्या खोलीत मी मान खाली घालून पाकिटावरचा तो शब्द बघत राहिलो. सुदाम तर उठून बाहेरच गेला.

मावशींनी सुनेपुढं, सुदामच्या बायकोपुढं, हात केला, गोळी घेतली. थोड्या वेळानं कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या आणि डोळा लागला.

गेल्या आठवड्यात मावशी गेल्या. शेवटी शेवटी चहा मागायच्या, सुनेची थट्टा करायच्या... त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

संतूला मात्र कुठं दुखतंय, हे विचारणारं एकही माणूस भेटलं नाही.